नामस्मरण आणि मंत्रजप

पहाटेच्या प्रहरी एकाच वासनिकाच्या घरातून दोन स्वर ऐकू यावेत, असा प्रकार अलीकडे पुष्कळ गावी आढळतो. आतल्या खोलीत वृद्ध माता हातात गाठी घेऊन पंचकृष्णांचे स्मरण करीत असते आणि बाहेर ओसरीवर तिचाच उपदेशी मुलगा कोणा जाणत्याने सांगितलेल्या देवतामंत्राची माळ ओढीत असतो. त्यास विचारावे तर तो म्हणतो, ‘‘दोन्ही चांगलेच की! नामाने मोक्ष मिळेल, मंत्राने संसाराची अडचण दूर होईल.’’ हे उत्तर दुष्टबुद्धीने दिलेले नसते. कापसाला भाव नाही, मुलीचे लग्न ठरत नाही, धाकट्याला नोकरी नाही, अशा काळजीतून ते आलेले असते. म्हणूनच त्याची थट्टा करून भागत नाही. ते उत्तर कोठे चुकते, हे नीट पाहिले पाहिजे.

प्रथम मंत्राचा विचार करू जाता असे दिसते की मंत्रशास्त्र हे फार काटेकोर शास्त्र आहे. प्रत्येक मंत्राला ऋषी, छंद, देवता आणि विनियोग असतो. तांत्रिक मंत्राला त्याशिवाय बीज, शक्ती आणि कीलकही असते. जपाचे वाचिक, उपांशू आणि मानस असे तीन प्रकार सांगून एकाहून दुसरा श्रेष्ठ मानला आहे. पुरश्चरण करावयाचे तर मंत्राची जितकी अक्षरे तितके लक्ष जप. म्हणजे चोवीस अक्षरांच्या गायत्रीला २४ लक्ष. पुढे जपाच्या दशांशाने हवन, हवनाच्या दशांशाने तर्पण, तर्पणाच्या दशांशाने मार्जन आणि त्याच्याही दशांशाने ब्राह्मणभोजन. ही सर्व मांडणी एखाद्या करारासारखी आहे. साधकाने इतके द्यावे, देवतेने इतके द्यावे. देवता आपल्या अधिकारापुरते फळ देते, हे परमार्गालाही मान्य आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांत देवता हा पदार्थ खराच आहे. तो नाकारलेला नाही. मात्र देवतेचे फळ भोगून सरते आणि जीव पुन्हा होता तेथेच येतो.

श्रीकृष्ण चक्रवर्तींनी गीतेच्या सातव्या अध्यायात हाच निवाडा केला आहे. कामनेने ज्यांचे ज्ञान हिरावले गेले ते अन्य देवतांना शरण जातात, त्यांना फळही मिळते, पण ते अंतवंत असते. नवव्या अध्यायात त्याचीच पुढची पायरी आहे : जो ज्याला भजतो तो त्याच्याकडेच जातो. तेव्हा ओसरीवरच्या मुलाने ‘दोन्ही चांगलेच’ म्हटले तरी वाटा दोन आहेत आणि चालणारा एकच आहे. एकाच वेळी दोन्ही वाटांनी कोणाला चालता आलेले नाही.

येथवरचे निरूपण बहुतेक वासनिकांनी ऐकलेले असते. अवघड भाग यापुढे आहे. देवतामंत्राची माळ खुंटीला टांगली म्हणजे अनन्यता आली, असे होत नाही. पुष्कळदा मंत्र सुटतो आणि मंत्राची रीत तशीच उरते. ‘इतके दिवस स्मरण केले, तरी घरातले दुखणे गेले नाही,’ असे जो म्हणतो त्याने परमेश्वराच्या नामाला देवतामंत्र करून टाकले. मुखात नाम परमेश्वराचे आणि मागणे मात्र देवतेच्या दारचे! ओसरीवरचा मुलगा निदान दोन गोष्टी दोन ठिकाणी मागतो. आतल्या खोलीत बसलेल्याने आपण काय मागत आहोत हे एकदा तपासावे. हा दोष भिक्षुकालाही शिवतो. त्याचे मागणे पिकाचे नसते. लोकांनी आपल्याला मोठा स्मरणी म्हणावे, इतकेच असते. पण मागणे ते मागणेच.

मग स्मरण करावयाचे कशासाठी? सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी उत्तरापंथे गेल्यावर परमार्गाला असन्निधान प्राप्त झाले. ज्याचे दर्शन घडत नाही, ज्याचा शब्द कानी येत नाही, त्याच्याशी संबंध राखण्याचा उपाय म्हणजे स्मरण. दूरदेशी गेलेल्या पित्याची आठवण मूल काही मिळावे म्हणून करीत नाही. त्याला करमत नाही म्हणून करते. असे न करमणे ज्याच्या ठिकाणी उपजले त्याला संख्येचा प्रश्नच पडत नाही. पुरश्चरण एके दिवशी पुरे होते, त्याचे उद्यापन होते. स्मरणाला उद्यापन नाही.

‘मन लागत नाही, ओठ तेवढे हलतात, मग करून काय उपयोग?’ ही वासनिकांची दुसरी तक्रार. ती प्रामाणिक आहे. परंतु परमार्गात स्मरण केवळ नामाचे सांगितलेले नाही. नामाबरोबर लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचेही आहे. नाम कोरडे वाटू लागले की लीळा आठवावी. श्रीगोविंदप्रभू ऋद्धिपुराच्या गल्लीतून हिंडत आहेत, पोरांच्या खेळात शिरत आहेत, कोणाच्याही घरी जाऊन अन्न आरोगीत आहेत, आणि सारे गाव त्यांना माय-बाप मानीत आहे, हे डोळ्यांपुढे आणावे. ज्याने एखाद्या स्थानी ओट्याला दंडवत घातले आहे त्याने तो ओटा, ती जागा, तेथे घडलेली लीळा मनात उभी करावी. मन रिकाम्या जागी ठरत नाही. त्याला धरावयाला काही द्यावे लागते.

या लीळास्मरणाचे परमार्गावर केवढे ऋण आहे! श्रीनागदेवाचार्यांनी लीळा चित्तात जपल्या म्हणून म्हाइंभटांना त्या विचारून घेता आल्या, गावोगाव जाऊन इतरांकडून पडताळता आल्या आणि लीळाचरित्र सिद्ध झाले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ ग्रंथ हरपला, तेव्हा तो पुन्हा उभा राहिला तो ज्यांच्या मुखी होता त्यांच्या आधारे. हिराइसेचे नाव त्यात आदराने घेतले जाते. पोथी गेली तरी स्मरण राहिले.

भाषेविषयीही असेच. मंत्राचा स्वर चुकला तर फळ उलटते, अशी धास्ती मंत्रशास्त्रात आहे. स्वामींनी निरूपण मराठीत केले, आणि आचार्यांनीही संस्कृताचा आग्रह मोडून काढला, तो साध्यासुध्या म्हाताऱ्यांना ज्ञान मिळावे म्हणून. तेव्हा आतल्या खोलीतील मातेचा उच्चार बोबडा झाला तरी तिने भिण्याचे कारण नाही. आता बाजारात विजेवर चालणारी लहान पेटी मिळते आणि ती रात्रंदिवस नाम म्हणत राहते. ऐकणाऱ्याला आठवण होत असेल तर तेवढे ठीक. पण घरातील सारे दूरदर्शनपुढे बसले आणि स्मरण पेटीवर सोपवले, तर ते कोणाच्या खाती जमा व्हावे? पेटीच्या ठिकाणी जीव नाही.

भिक्षुकाला अटन, विजन, भिक्षा, भोजन यांत स्मरणाच्या वेळा नेमून दिलेल्या आहेत. वासनिकाला तितका एकांत नाही. तरी पहाटे उठल्यावर आणि रात्री निजण्यापूर्वी बैठक मोडू नये, आणि मधल्या वेळी काम करीतच आठवावे. श्रीकृष्ण चक्रवर्तींनी अर्जुनाला स्मरण सांगितले ते युद्ध सोडून नव्हे, युद्ध करीत असता. वखर हाकणाऱ्याला किंवा कापूस वेचणारीला ते अशक्य नाही.

ओसरीवरच्या मुलाशी मातेने वाद घालू नये. वादाने माळ हातात अधिकच घट्ट धरली जाते. आपले स्मरण आटोपल्यावर तिने त्याला रोज एक लीळा सांगावी आणि त्या दिवशी तेवढ्यावरच थांबावे. लीळा ऐकावयास हातातील माळ खाली ठेवावीच लागते.