दहापैकी दहा

नवी गाडी घरी आली की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या असतात. रविवारी मिस्सा झाल्यावर गाडी चर्चच्या आवारात उभी राहते, फादर प्रार्थना म्हणून पवित्र पाणी शिंपडतात, पेढे वाटले जातात. आणि त्याच सुमारास कंपनीचा फोन येतो किंवा मोबाइलवर प्रश्नांची यादी येते. शोरूममध्ये वागणूक कशी होती? गाडी सांगितलेल्या दिवशी मिळाली का? कागदपत्रे नीट समजावून दिली का? आमची गाडी घ्या असे मित्राला सांगाल का? शून्य ते दहा गुण द्या.

पण त्याआधीच आणखी एक फोन येऊन गेलेला असतो, गाडी विकणाऱ्या मुलाचा. "काका, कंपनीतून विचारतील. सगळीकडे दहाच सांगा हं. नऊ दिले तरी माझा इन्सेंटिव्ह जातो." जळगाव असो की धुळे, शोरूममधले हे बोलणे आता पाठ झाले आहे. मुलगा बहुधा जवळपासच्याच गावचा, शिकलेला, दिवसभर टाय लावून उन्हात गाड्या दाखवणारा. त्याचे मन कसे मोडावे? आणि समजा, गाडी दसऱ्याला देतो म्हणून दिवाळीत दिली, विमा आमच्याकडूनच घ्या म्हणून अडवून धरले, तर दहा तरी कसे द्यावेत?

आपल्यापैकी बरेच जण दहा देतात आणि विसरून जातात. गाडीच्या हप्त्याची चिंता असताना गुणांचा विचार कोण करतो? तरीही या लहानशा प्रश्नात आठवी आज्ञा सरळ उभी आहे. ती खोट्या साक्षीविषयी आहे. साक्ष फक्त कोर्टातच द्यावी लागते असे नाही. जिथे कोणी आपल्या शब्दावर विसंबून पुढचे पाऊल टाकणार असतो तिथे आपण साक्षीदारच असतो.

कोणी म्हणेल, यात फसते कोण? दहा म्हणजे 'ठीक होते' हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पत्राखाली आपण 'आपला नम्र' लिहितो, म्हणून कोणी आपल्याला नम्र समजत नाही. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याला संकेत माहीत आहे त्याला संकेताचा शब्द फसवत नाही, हे खरेच आहे. पण आपले गुण शोरूमच्या चार भिंतींत राहत नाहीत. त्यांची बेरीज होते, 'ग्राहकांच्या समाधानात अग्रेसर' असा फलक लागतो, जाहिरात येते. केळीचे पैसे हातात आल्यावर रावेरचा शेतकरी किंवा साक्रीचा शिक्षक तो फलक वाचून आत शिरतो. त्याला हा संकेत कोणी सांगितलेला नसतो.

जळगावच्या माणसाला हे सोन्याच्या भाषेत लवकर कळेल. दागिन्यावर ९१६ चा शिक्का म्हणजे बावीस कॅरेट. तपासणाऱ्याने सोनाराच्या पोराबाळांकडे बघून अठरा कॅरेटवर तो शिक्का मारला, तर त्याला आपण दयाळू म्हणू का? पुढे कधी अडचणीत ती बांगडी मोडायला नेणाऱ्या बाईच्या पदरातून ती दया वसूल होते.

खरे उत्तर काय करू शकते याचे एक जुने उदाहरण आहे. जे. डी. पॉवर यांनी १९६८ साली अमेरिकेत ग्राहकांची मते गोळा करणारी संस्था काढली. सुरुवातीला काम घरच्या टेबलावरच चाले. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत माझदा कंपनीच्या रोटरी इंजिनाच्या गाड्यांविषयी आलेली उत्तरे मोजताना त्यांच्या पत्नी ज्युली यांच्या लक्षात आले की इंजिनातले एक सील निकामी होत असल्याची तक्रार पुन्हा पुन्हा येते आहे. त्या लोकांनी 'सगळे छान' असे लिहिले असते तर तो दोष तेव्हा कागदावर आलाच नसता.

मग नऊ गुणांचा एवढा धाक कुठून आला? २००३ मध्ये फ्रेडरिक राइकहेल्ड या सल्लागाराने एक पद्धत मांडली. नऊ-दहा देणारे आपली शिफारस करणारे, सात-आठवाले जमेत नाहीत, सहा आणि त्याखालचे सगळे नाराज. पहिल्यांच्या टक्केवारीतून शेवटच्यांची टक्केवारी वजा करायची. ज्या देशात साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास म्हणतात तिथे सहा गुण देणारा माणूस आपण शाबासकी दिली असे समजतो आणि तिकडे विरोधकांत मोजला जातो! त्यात अनेक ठिकाणी या आकड्याला विक्रेत्याचा भत्ता बांधला गेला. राइकहेल्डच्या हिशेबात नऊ उत्तमच होते. शोरूममध्ये तेही नापास ठरले. मोजपट्टीवर पोट अवलंबून ठेवले की माणसे कापड मोजत नाहीत, पट्टी ओढतात. मग 'दहा द्या, मॅट फुकट देतो' असे सौदे होतात, नाहीतर ग्राहकाचा फोन हातात घेऊन मुलगा स्वतःच गुण भरतो. अशा वेळी आपली साक्ष विकत घेतली जात असते. मॅट पाचशे रुपयांची असली तरी ती नाकारावी, असे आम्हाला वाटते.

पण मुलाचे काय? दुसऱ्याला बरे वाटावे किंवा कोणाची गरज भागावी म्हणून केलेल्या खुशामतीला १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाने हलके पाप मानले आहे, गंभीर नव्हे. म्हणजे आपली अडचण चर्चलाही ठाऊक आहे. या अडचणीवर संत ऑगस्टीन यांनी इ. स. ३९५ च्या सुमारास असत्यावर लिहिलेल्या ग्रंथात फिर्मुस नावाच्या बिशपांची हकिकत दिली आहे. ते उत्तर आफ्रिकेतल्या तागास्ते गावचे. त्यांच्या आश्रयाला आलेल्या माणसाला पकडायला सम्राटाचे शिपाई आले. फिर्मुस म्हणाले, मी खोटेही बोलणार नाही आणि त्याला तुमच्या हातीही देणार नाही. त्यांचा छळ झाला, पण ते बधले नाहीत. शेवटी सम्राटापुढे नेल्यावर त्यांचे धैर्य पाहून सम्राटाने त्या माणसाला माफी दिली.

खोटे बोलायचे नाही आणि मुलालाही सोडायचे नाही, हा तिसरा रस्ता आहे. पण तो फुकट नाही. फिर्मुसनी तो स्वतःच्या अंगावर घेतला. आपल्याला फार तर एक दुपार द्यावी लागेल. फोन येण्याआधी शोरूमच्या मॅनेजरला समोरासमोर भेटून सांगता येते की गाडी उशिरा आली ही चूक तुमची, या मुलाने मात्र सगळे नीट केले. जिथे मुलाच्या वागण्याचा प्रश्न आहे आणि तो चांगला वागला आहे, तिथे मोकळ्या मनाने दहा द्यावेत. विलंबाच्या प्रश्नाला चार, आणि खाली दोन ओळींत कारण. रागाच्या भरात सगळीकडे शून्य टाकणारेही आपल्यात आहेत. कारखान्याच्या उशिराची शिक्षा विक्रेत्याला देणे हीसुद्धा खोटी साक्षच, फक्त उलट्या बाजूची.

एवढे करूनही मुलाचे पैसे कापले जाण्याची शक्यता उरतेच. ती आपण नाकारू नये. मात्र ते कापणारा हात आपला नसतो. संत याकोबाच्या पत्रात मजुरांच्या अडवलेल्या मजुरीविषयी फार कडक शब्द आहेत आणि ते मालकांना उद्देशून आहेत. आपल्या धर्मग्रामातही दुकाने, गॅरेज, क्लासेस चालवणारे लोक आहेत. हल्ली त्यांच्याकडेही गुण मागायची पद्धत आली आहे. त्यांच्यापैकी कोणाच्या हातात हे पान पडले, तर एक विचारावेसे वाटते: तुमच्या ग्राहकाने प्रामाणिकपणे आठ गुण दिले, त्या महिन्यात तुमच्या मुलाच्या पाकिटात किती कमी पडले?