शांतता पाहायला जाताना

सहलीसाठी गाव निवडणं हा प्रश्न आमच्या पिढीला कधी पडलाच नाही. ऑफिसचं हॉलिडे होम महाबळेश्वरला होतं, म्हणून आम्ही महाबळेश्वरला गेलो. पुढे ते माथेरानला निघालं, म्हणून माथेरानला गेलो. उद्या ऑफिसने भुसावळला हॉलिडे होम काढलं असतं, तर भर मे महिन्यात भुसावळला जाऊन "हवा छान आहे हं!" असं म्हणून परत आलो असतो.

त्यामुळे मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघं डेन्व्हरला मुलाकडे असताना तो म्हणाला, "बाबा, डोंगरातलं एक गाव निवडायचंय. दिवसा स्नोमोबाइल चालवता आली पाहिजे आणि रात्री नाइटलाइफ पाहिजे. तुम्हीच ठरवा," तेव्हा मी दचकलोच. मीच का? तर म्हणे, मला दोन्हींतलं काहीच नको असल्यामुळे मी निःपक्षपाती!

स्नोमोबाइल म्हणजे बर्फावरची स्कूटर. पुढे चाकाऐवजी दोन स्की, मागे रणगाड्यासारखा फिरणारा रबरी पट्टा. नाइटलाइफ म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. माझं नाइटलाइफ म्हणजे दोनदा पाणी प्यायला उठणं आणि वरच्या मजल्यावरचे आवाज ऐकणं. पुण्याला आमच्या डोक्यावर जे गृहस्थ राहतात, त्यांच्याकडे रात्रभर घरघर आणि पहाटे खरखर चालते. त्याबद्दल सोसायटीच्या सेक्रेटरींकडे मी तीन अर्ज दिले आहेत. हे आत्ताच सांगून ठेवतो, पुढे लागेल.

तर मी वहीत रेघा मारल्या आणि मुलीसाठी स्थळं बघावीत तशी गावं बघायला बसलो. पहिलं स्थळ कोलोरॅडोतलं ब्रेकनरिज. जन्म १८५९, सोन्याच्या शोधातून. घरचं वातावरण आनंदी. तिथे १९६३ पासून उल्लर नावाच्या बर्फाच्या देवाचा उत्सव होतो, आणि भरपूर बर्फ पडावा म्हणून लोक जुन्या स्की होळीत टाकतात. "म्हणजे आपल्यासारखेच की!" असं म्हणून हिने लगेच पसंती दिली. पण स्थळाची उंची ९,६०० फूट, महाबळेश्वरच्या दुपटीहून जास्त. माझ्या ब्लड प्रेशरने नकार कळवला.

दुसरं स्थळ वायोमिंगमधलं जॅक्सन. उंची सव्वासहा हजार फूट. गावच्या चौकाला एल्कच्या गळून पडलेल्या शिंगांच्या कमानी. नाइटलाइफची जबाबदारी घ्यायला १९३७ पासूनचा मिलियन डॉलर काउबॉय बार. सूनबाईचं मत जॅक्सनला.

तिसरं, माँटानातलं वेस्ट यलोस्टोन. वस्ती साधारण तेराशे. यलोस्टोन नॅशनल पार्कचा पश्चिमेचा दरवाजा इथेच. हिवाळ्यात पार्कातले बहुतेक रस्ते मोटारींना बंद, त्यामुळे आत जायचं ते बर्फावरच्या वाहनानेच. हे गाव स्वतःला जगातली स्नोमोबाइलची राजधानी म्हणवतं. चिरंजीवांचं मत अर्थातच इकडे. नाइटलाइफच्या रकान्यात मात्र मी 'लवकर झोपणे' असं लिहिलं.

मराठी माणसाला न्यायाधीश केलं की तो शेवटी समिती होतो. मी निकाल दिला: दोन रात्री जॅक्सन, दोन रात्री वेस्ट यलोस्टोन. दोन्ही पक्ष सारखेच नाराज झाले, त्यावरून निकाल योग्य असल्याची खात्री पटली.

जॅक्सनच्या त्या बारमध्ये बसायला खुर्च्या नाहीत, घोड्यांची खोगिरं आहेत. आमच्या लग्नात बजेटअभावी घोडा रद्द झाला होता. ती हौस सत्तरीला पोचल्यावर फिटली, तीही संत्र्याचा रस पीत. शेजारच्या खोगिरावर ही बसली होती. आजूबाजूला एवढा गोंगाट, पण मला त्याचा काडीचा त्रास झाला नाही. नंतर लक्षात आलं, गोंगाटात आपण सामील असलो की त्याला मजा म्हणतात.

दोन दिवसांनी वेस्ट यलोस्टोनहून गाइडच्या मागे आमच्या गाड्या निघाल्या. मी मुलाच्या मागे. हँडलला गरम मुठी होत्या, पण त्या चालवणाऱ्याला. मागच्याने देवाचं नाव घ्यायचं. एका वळणावर गाइडने हात वर केला. रस्त्यावर बायसनचा कळप होता. इंजिनं बंद झाली.

आणि मग जी शांतता ऐकू आली, तशी मी जन्मात ऐकली नव्हती. एक बायसन आपलं अगडबंब डोकं झाडूसारखं डावीकडे-उजवीकडे फिरवून बर्फ बाजूला सारत होता. खाली वाळकं गवत. उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवर आणि अशा चार काड्यांवर त्याला वसंतापर्यंत काढायचं असतं. म्हणजे आमच्यासारखाच, साठवलेल्या पुंजीवर जगणारा पेन्शनर! त्याला दचकवून पळवलं, तर त्याची फिक्स्ड डिपॉझिट आपण मोडली. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती नजर माझ्या ओळखीची होती. सोसायटीच्या जिन्यात मी वरच्या गृहस्थांकडे तशीच पाहतो. त्या बायसनच्या दृष्टीने वरच्या मजल्यावरचा शेजारी मीच होतो!

आता हे काय त्रांगडं? शांतता बघायला गोंगाट करत यायचं? आणि गोंगाट नको म्हणावं, तर माझे हे गुडघे मला इथवर कसे आणणार?

रात्री गाइडने सांगितलं, की एके काळी या दरवाजावर इतका धूर साचायचा, की २००२च्या सुमारास तिथल्या रेंजरना तोंडाला मास्क लावायला दिले होते. २००० साली स्नोमोबाइल बंद करायचं ठरलं, मग कोर्टकचेऱ्या झाल्या, निर्णय फिरले. शेवटी २०१३ साली नियम झाले: रोज ठरावीकच गाड्या, आवाज आणि धूर मापात, आणि पुढारी अनुभवी. बंदीही नाही आणि मोकळं रानही नाही. माझ्या निकालासारखाच हा निकाल, पण जास्त विचारपूर्वक दिलेला.

मुलाने मग या यंत्राच्या जनकाची गोष्ट सांगितली. कॅनडातल्या क्वेबेकमधला जोझेफ-आर्मां बोंबार्दिए. बर्फावर चालणारी गाडी करायच्या खटपटीत तो लहानपणापासून होता. १९३४च्या हिवाळ्यात त्याच्या दोन वर्षांच्या मुलाच्या पोटात दुखायला लागलं. रस्ते बर्फाने बंद. दवाखान्यात नेता आलं नाही. मूल गेलं. तीन वर्षांत त्याने बर्फावर चालणारी सात माणसांची गाडी तयार केली. मग त्या गाड्यांतून डॉक्टर फिरले, टपाल फिरलं, पोरं शाळेत गेली. आम्ही उडवत होतो तसली हौसेची छोटी गाडी आली ती १९५९ साली.

सांगताना मुलगा जरा थांबला. मीही काही बोललो नाही. बर्फात अडकलेल्या एखाद्या घराला तो आवाज कसा वाटला असेल! 'आला डॉक्टर!' यंत्र तेच, घरघर तीच. फक्त विचारायला हवं, की हा आवाज कुणासाठी आणि कशासाठी. आयुष्यभर मी आवाज किती होतो तेवढंच मोजत आलो. कशाचा होतो, हे विचारायला कधी जिना चढलो नाही.

पुण्याला परतल्यावर चढलो. वरच्या गृहस्थांनी दार उघडलं ते चेहरा पाडूनच. त्यांना वाटलं, चौथा अर्ज हातोहात आलाय. रात्रीची घरघर कसली, असं मी शक्य तितक्या नरमाईने विचारलं. त्यांनी आत नेलं. खाटेवर त्यांच्या आई होत्या, उशाशी ऑक्सिजनचं मशीन. तीन वर्षं ते रात्रभर चालत होतं. तीन वर्षांत मी अर्जही तीन दिले होते.

"आवाज फार होतो ना हो खाली?" आजींनी विचारलं.

"छे छे," मी म्हणालो. "ऐकूसुद्धा येत नाही."

"आणि पहाटेची ती खरखर?" निघताना मी गृहस्थांना हळूच विचारलं.

"तो मिक्सर. मला इडलीबरोबर ताजी चटणी लागते," ते ओशाळून म्हणाले.

दोन अर्ज मी त्याच संध्याकाळी मागे घेतले. मिक्सरचा तेवढा ठेवला आहे. बंदीची मागणी मात्र काढून टाकली. सकाळी सातनंतर चालेल, असं लिहून दिलं आहे.