विषमतेचे कारण आणि कर्मविपाकाची मर्यादा

रोहे आणि अष्टमी ही कुंडलिकेच्या दोन तीरांवरची गावे. नदी एक, नगरपरिषद एक, आणि पाऊस दोन्ही तीरांवर सारखाच पडतो. तथापि भाताची झोडणी आटोपली, दिवाळी सरली, म्हणजे याच तालुक्यातील कातकरी वाड्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे पोराबाळांसह वीटभट्टीच्या व कोळशाच्या भट्टीच्या कामास निघून जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. परत येताना कित्येकांच्या हाती शिल्लक नसते, उलट पुढील हंगामाची बाकी डोक्यावर असते. त्याच वेळी धाटावच्या कारखान्यांमुळे याच परिसरात पक्की घरे, दुकाने व वाहने वाढलेली दिसतात. एका नदीचे पाणी पिणाऱ्या माणसांत हे अंतर का पडावे, असा प्रश्न विचारला तर बहुधा उत्तर मिळते ते असे: ज्याचे त्याचे कर्म.

हे उत्तर वरवर पाहता शास्त्राचे दिसते. म्हणून ते शास्त्राच्याच रीतीने तपासले पाहिजे.

पूर्वपक्ष असा की, जीव जे करितो ते भोगितो. जन्म, देह, आयुष्य व सुखदुःख ही पूर्वकर्माची फळे होत. ज्याअर्थी फळ कर्मानुरूप मिळते, त्याअर्थी धनवंताचे धन आणि दरिद्र्याचे दारिद्र्य ही दोन्ही न्यायाचीच आहेत. त्यांत हात घालणे म्हणजे न्यायात ढवळाढवळ करणे होय.

या पूर्वपक्षातील पहिले विधान मान्य आहे, दुसरे नाही. कोण कोणत्या घरी जन्मला याचे उत्तर कर्मात शोधता येईल. परंतु त्या घराने पिकविलेल्या भातापैकी किती खंडी दुसऱ्याच्या कोठारात जावे, हे ठरविणारा लेख माणसाने लिहिलेला असतो. जे माणसाने लिहिले व माणसालाच पुसता आले, त्यास प्रारब्ध म्हणता येत नाही.

याचा दृष्टान्त दूर शोधावयास नको. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, ज्याचे नाव 1981 मध्ये रायगड झाले, खोतीची पद्धत होती. खोत सरकारात सारा भरी आणि कुळांकडून मक्ता घेई. दोहोंतील अंतर किती असावे यावर कुळाचा काही अधिकार चालत नसे. कुळ कबुलायतीवर अंगठा उठवी, पण तीत काय लिहिले आहे हे त्यास वाचता येत नसे. बाप ज्या बांधावर राबला त्याच बांधावर मुलगा राबे, आणि जमिनीच्या कागदावर दोघांचेही नाव नसे. तेव्हाही लोक म्हणत, कुळाचे कर्मच तसे.

सन 1933 मध्ये अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला. आसपासच्या पंचवीस गावांनी खोतांची जमीन कसणे सोडले. मोलमजुरीवर व लाकूडफाट्यावर त्यांनी सुमारे सहा वर्षे काढली. 1937 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि 1938 च्या जानेवारीत कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. 1939 च्या कायद्याने ‘संरक्षित कूळ’ ही संज्ञा आली, 1948 मध्ये कूळकायदा झाला, 1949 मध्ये खोती नष्ट करणारा कायदा झाला, आणि 1 एप्रिल 1957 हा दिवस कसणारास मालक ठरविणारा कृषक दिन झाला. ज्या अवस्थेस पिढ्यान्‌पिढ्या कर्माचा भोग म्हटले गेले, ती अवस्था पंचवीस वर्षांच्या आत पालटली. तेवढ्या काळात लक्षावधी जीवांचे पूर्वकर्म एकाच वेळी सरले असे कोणी म्हणणार नाही. पालटला तो करार होय.

येथे शंका अशी की, कायदा झाला हेही त्यांच्या सत्कर्माचेच फळ का न मानावे? याचे समाधान असे: खुशाल मानावे. पण मग त्यांचा संप, त्यांची उपासमार, त्यांचा मोर्चा हीच ती कर्मे होत, आणि ती याच देही केलेली आहेत. म्हणजे कर्मसिद्धांत स्वस्थ बसण्यास सांगत नाही, करण्यास सांगतो. जे उत्तर दुःखालाही लागू आणि दुःखनाशालाही लागू, ते दुःखाच्या निवारणाविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही.

आता ज्यांना हा पालट पोचला नाही त्यांचा विचार करावा. खैरापासून कात काढणारे ते कातकरी. इंग्रजी अमदानीतील वनकायद्यांनी रानावर सरकारचा ताबा बसला आणि खैर तोडण्याची मोकळीक गेली. उपजीविका गेली, नाव तेवढे उरले. पुढे कूळकायदा आला, पण ज्याचे नाव कूळ म्हणून कोठे लिहिलेलेच नव्हते त्यास तो काय देणार? वाडी अनेक ठिकाणी दुसऱ्याच्या जमिनीवर राहिली. पावसाळ्यात धान्य सरते, आजारपण येते, लग्न येते, तेव्हा भट्टीच्या मालकाकडून उचल घ्यावी लागते. मग ती फेडण्यास नवरा-बायकोचे जोडपे भट्टीवर जाते. हजार विटांस अमुक असा दर ठरतो, आठवड्याची खर्ची मिळते, आणि हंगामाअखेर उचल व खर्ची वजा होते. वही मालकाची, अक्षर मालकाचे, बेरीजही मालकाची. मुले भट्टीवर गेल्याने त्यांची शाळा तुटते, म्हणून पुढील पिढीसही ती वही वाचता येत नाही. वेठबिगार नष्ट करणारा कायदा 1976 मध्ये झाला, वनावरील हक्क मान्य करणारा 2006 मध्ये झाला, परंतु कायद्याचे अक्षर आणि वहीचे अक्षर यांची गाठ पडणे अजून पुष्कळ ठिकाणी बाकी आहे.

यावरून विषमतेचे एक मुख्य कारण हाती येते. ज्याच्या श्रमाचा हिशेब दुसरा लिहितो आणि ज्यास तो हिशेब तपासता येत नाही, तो दरिद्री राहतो. चरीच्या कुळाची कबुलायत आणि भट्टीवरची वही या एकाच जातीच्या वस्तू होत.

दुसरे कारण कुंडलिकाच सांगते. या नदीला उन्हाळ्यातही पाणी असते, कारण घाटावरील मुळशीच्या धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून खाली उतरते. ते वीजगृह 1927 मध्ये सुरू झाले आणि वीज मुंबईस गेली. धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी बुडाल्या. त्याविरुद्ध 1921 पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, पण धरण झालेच. उतरलेल्या पाण्यावर कोकणातील शेते भिजली, कारखाने उभे राहिले, आणि कारखान्यांच्या सांडपाण्याने खालच्या अंगास नदी बिघडली, तिचा भार मासेमारीवर जगणाऱ्यांस सोसावा लागला. वीज कोणाची, जमीन कोणाची, नफा कोणाचा, मेलेला मासा कोणाचा? लाभ एकाच्या दारी आणि हानी दुसऱ्याच्या दारी जाते. दोघांची भेट होत नाही, म्हणून लाभ घेणाऱ्यास आपण काही घेतले असे वाटतही नाही. आधुनिक समाजातील विषमता बहुधा अशी असते. तिच्यात क्रूर मनुष्य सापडेलच असे नाही, सापडते ते न पाहणे.

परिणामही दोन्ही बाजूंस होतात. खाली राहिलेल्यास भूक, ऋण आणि स्वतःविषयी हीनभाव येतो. पिढ्यान्‌पिढ्या ऐकून तोही म्हणू लागतो की आपले कर्मच असे. वर असलेल्यास अहंता येते. जे परिस्थितीने दिले ते तो आपल्या पुण्याचे मानतो, आणि पुण्याचे मानले म्हणजे त्याबद्दल कोणाचे देणे लागतो ही बुद्धी सुटते. मग तो दान करितो, पण मजुरी पुरी देत नाही. पंक्तीला शंभर माणसे जेवू घालतो, पण वही दाखवीत नाही. दानाने ऋण फिटत नाही. ज्याचे द्यावयाचे त्यास दिल्यावर जे उरते त्यासच दान म्हणावे.

म्हणून कर्मविपाकाचा सिद्धांत कोणी कोणास लावावा, हा येथे खरा विवेक आहे. स्वतःच्या दुःखास तो लावला तर धैर्य येते, द्वेष मावळतो. दुसऱ्याच्या दुःखास लावला तर दया आटते. औषध तेच, पण घेणारा बदलला की विष होते. शिवाय दुसऱ्याचे दुःख पाहून ‘त्याचे कर्म’ म्हणणारा त्या क्षणी स्वतः एक कर्म करीत असतो, आणि त्याचेही फळ आहे.

साधकास हा विचार बाहेरचा नाही. चारही वर्णांच्या दारी भिक्षा मागावी हा पंथाचा आचार. त्या आचारात सर्व घरांचे अन्न सारखे शुद्ध आहे ही मान्यता आहेच. पण झोळीत पडलेला घास ज्या तांदळाचा, तो तांदूळ कोणीतरी लावला, आवणला, झोडला. त्या हातांस त्यांचे मिळाले की नाही, हे झोळी विचारीत नाही. ते साधकाने विचारावयाचे आहे. ज्या घरचा धनी उपदेश ऐकण्यास पुढे बसतो, त्यास परमार्थ सांगताना गड्याच्या मजुरीची गोष्टही सांगावी. ती सांगितल्याने एखादे दार बंद झाले, तर पुढच्या दारी जावे.