खेळातले सूत्र कोणाच्या हाती?

सातारा-सांगलीकडे आता कोणत्याही पारावर पाहावे, तर पोरांच्या हाती मोबाईल आणि त्यात कसला ना कसला खेळ चाललेला. त्यांच्यात एक वाद असतो. एक म्हणतो, मनाला येईल तिकडे जाता येते तोच खरा खेळ. दुसरा म्हणतो, छे, ज्यात चांगली गोष्ट आहे तो. वडील मंडळींना हा वाद पोरकट वाटेल. आम्हांस वाटत नाही. पुढचे सगळे आधीच लिहून ठेवलेले असेल, तर खेळणाऱ्याने केले काय? आणि त्याने काही केलेच नसेल, तर बऱ्यावाइटाचा धनी कोण?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला. राजीच्या धाकट्या भावाला असुर पळवून नेतात आणि ती त्याला शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू तिची हकीकत आपसांत बोलत असतात. वाट मात्र एकच. शस्त्र कसे चालवावे, उडी केव्हा घ्यावी, एवढेच आपल्या हाती. उलट २०११ सालच्या 'माइनक्राफ्ट'मध्ये रान, डोंगर, दगडमाती नुसती पुढे पसरलेली; घर बांधा, खाण खणा, नाहीतर भटकत राहा, कोणी विचारीत नाही.

पोरांना हा झगडा नवा वाटतो. पण खुद्द सांगलीने त्याचे बीज केव्हाच पाहिले आहे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' केले. त्या नाटकांतली पदे भाव्यांनी रचलेली असत व ती सूत्रधार म्हणे. पात्रांची भाषणे मात्र लिहिलेली नसत. पद संपले की त्याचा आशय धरून ज्याने त्याने आपल्या तोंडाने बोलायचे. राक्षस आरोळ्या ठोकीत येत, त्यावरून पुढे या नाटकांना 'अललडुर्र' असे नावच पडले. आता पाहा, धनुष्य रामानेच मोडायचे आणि माळ त्याच्याच गळ्यात पडायची, हे समोर बसलेल्या पोरासोरांनाही ठाऊक. धनुष्याशी झटून हरणाऱ्या राजाचे काम ज्याच्याकडे येईल, तो अंगाने कितीही तालेवार असो, त्याला हरलेच पाहिजे. म्हणून तो बांधला गेला काय? मुळीच नाही. हरणे ठरलेले, पण गुर्मीत हरायचे, शरमेने हरायचे, की चार लोकांना हसवून हरायचे, ही मुखत्यारी त्याचीच.

पुढे १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' छापून आले. शब्द न् शब्द लिहिलेल्या अशा नाटकांना लोक 'बुकिश' म्हणू लागले. नटाच्या तोंडचे बोल गेले. पण फार मोठा तोटा झाला असे आम्ही म्हणणार नाही. तोंडाला येईल ते बोलण्यात फाजीलपणालाही पुष्कळ वाव असतो. असो.

आपल्या वाचकांस जवळचा दाखला हवा तर चांदोबाच्या लिंबाचा घ्यावा. लोणंद सोडल्यावर तरडगावच्या वाटेवर तेथे माउलींच्या पालखीचे उभे रिंगण होते. मुक्काम ठरलेले, दिंड्यांचा क्रम ठरलेला. ती शिस्त साताऱ्याकडच्या आरफळच्या हैबतबाबांनी घालून दिलेली. तरी चालणाऱ्याला कोणी कळसूत्री बाहुली म्हणत नाही. थकलेल्याचे ओझे घ्यायचे की नाही, पाण्यापाशी रेटारेटी करायची की म्हातारीला पुढे करायचे, हे कोठे लिहून ठेवले आहे?

तेव्हा वाट ठरलेली असणे हा गुन्हा नव्हे. लबाडी दुसरीकडे आहे. काही खेळ मध्येच विचारतात, 'याला सोडायचे की मारायचे?' पोरगे विचारात पडते, बोट दाबते, आणि काहीही दाबले तरी पुढे तेच घडते. ठराव आधीच लिहून ठेवायचा आणि मग सभेला हात वर करायला सांगायचे, त्यातलीच ही गत. विचारलेच नाही तर चालेल. विचारून ऐकायचे नाही, हा अपमान आहे.

मोकाट खेळाची खोट निराळी. मोडले तर मोडले, मारले तर मारले. नवा डाव मांडला की सगळे पूर्ववत. अशा मोकळिकीला वजन कसे येणार? टोबी फॉक्स या अमेरिकन माणसाने २०१५ साली 'अंडरटेल' हा खेळ काढला, त्यात हे नेमके ओळखले आहे. तेथे एकालाही न मारता शेवटास जाता येते. पण कोणी आधी सगळ्यांचा संहार करून शेवट गाठला आणि मग नव्या डावात सर्वांशी गोडीने वागला, तरी मागचे पुसत नाही. गोड शेवटाच्या चित्रातही ते पाप डोकावतेच. गंमत अशी की, हे सारे शेवट कर्त्याने आधीच लिहून ठेवलेले आहेत. बंधनही पुरते आणि जबाबदारीही पुरती!

येथे शंका निघेल की, एकुलत्या एका वाटेवरच कुकर्म मांडून ठेवले असेल तर? २०१२ सालच्या 'स्पेक ऑप्स : द लाइन' या लढाईच्या खेळात पांढऱ्या फॉस्फरसचा मारा करावाच लागतो, आणि मग कळते की त्यात निरपराध माणसे जळाली. वर खेळ खेळणाऱ्यालाच बोल लावतो. 'दुसरी वाट होतीच कोठे?' असे कोणी म्हटले, तर त्यावर उत्तर देतात की, खेळ खाली ठेवता आला असता. हे आम्हांस अर्धेच पटते. खाली ठेवता येते खरे. भाव्यांच्या नटाला भर रंगातून उठून जाण्याची तेवढीही सोय नव्हती. परंतु पैसे घेऊन ज्याने डाव मांडला, त्याने सगळे पाप पोराच्या माथी मारून मोकळे व्हावे, हा कुठला न्याय? मोठा वाटा त्याचाच. पोराचा किती, हे पोरालाच विचारावे. आणि 'दुसरी वाट नव्हती' असे तो म्हणाला, तर 'शोधलीस का रे?' एवढे विचारून गप्प बसावे.