अपंग लेंकराचें शिक्षण : दया कीं देणें?



आपल्या गांवोगांवच्या मंडळ्यांत एकादें लेंकरूं असें जन्मास येतें कीं, त्याला दिसत नाहीं, किंवा ऐकूं येत नाहीं, किंवा त्याचे पाय त्याला पेलीत नाहींत, किंवा त्याची समज इतर मुलांच्या मागून हळूहळू येते. अशा घराविषयीं मंडळी कठोर असते असें कोणास म्हणतां येणार नाहीं. प्रार्थनेंत त्या लेंकराचें नांव घेतलें जातें, नाताळांत त्याला नवें आंगडें मिळतें, आणि त्याच्या आईकडे पाहून बायाबापड्या हळहळतात. परंतु तें लेंकरूं सहा वर्षांचें होतें, त्याच्या बरोबरीचीं मुलें दप्तर घेऊन शाळेच्या वाटेला लागतात, आणि तेव्हां मात्र कोणी कांहीं बोलत नाहीं. जणूं काय त्यानें शाळेंत जावयाचें नाहीं हें जन्मतःच ठरून गेलें होतें.

ह्या मौनाच्या मुळाशीं एक प्रश्न आहे, व तो आपण स्वतःस स्पष्टपणें विचारिला पाहिजे. अशा लेंकराला शिकविणें ही आपली दया आहे, कीं तें आपल्यावरचें देणें आहे? दोहोंत केवळ शब्दाचा फरक नाहीं. केव्हां द्यावें, किती द्यावें व कोठें थांबावें हें दया करणारा आपल्या मनानें ठरवितो. त्यानें कांहींच दिलें नाहीं तरी त्याला कोणी जाब विचारीत नाहीं. देणेकऱ्याची गोष्ट निराळी. रक्कम त्यानें ठरविलेली नसते, मुदत त्याच्या सोयीची नसते, आणि घेणेकरी दाराशीं आला असतां त्यानें आपले उपकार मानावे अशी अपेक्षाही त्याला करतां येत नाहीं.

पवित्र शास्त्रांत शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायांत मफीबोशेथाची गोष्ट आहे. योनाथानाचा हा मुलगा पांच वर्षांचा असतांना दाईच्या हातून पडला व दोहों पायांनीं लंगडा झाला. पुढें तो लो-दबार येथें माखीराच्या घरीं जाऊन राहिला. राजवंशांतला मनुष्य, परंतु परक्याच्या आश्रयास. दावीद राजानें त्याचा शोध केला तो केवळ कींव आली म्हणून नव्हे. योनाथानाशीं त्यानें करार केला होता, व तो करार अजून फिटावयाचा होता. येथें तीन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, मफीबोशेथानें अर्ज केला नव्हता; राजानेंच विचारपूस करून माणूस पाठविला व त्याला आणविलें. दुसरी ही कीं, त्याची जी वडिलार्जित जमीन होती ती त्याला परत मिळाली, आणि ती कसण्यासाठीं सीबा, त्याचे मुलगे व त्याचे चाकर यांची नेमणूक झाली. म्हणजे हक्क नुसता मान्य झाला नाहीं, तो उपभोगतां यावा अशी व्यवस्थाही झाली. तिसरी ही कीं, राजाच्या पंक्तीला त्याला कायमची जागा मिळाली. शोध, व्यवस्था आणि पंगतींतील जागा, ह्या तिन्ही मिळून तें देणें फिटलें. त्यांतील एक जरी उणी असती तरी मफीबोशेथ लो-दबारांतच राहिल्यासारखा होता.

परंतु आमचें कसलें देणें, असें कोणी विचारील. आम्हीं त्या लेंकराचें काय घेतलें आहे?

ह्याचें उत्तर आपल्या मंडळ्यांच्या इतिहासांत आहे. आपल्यापैकीं पुष्कळांच्या आजापणजांना गांवच्या शाळेंत जागा नव्हती. कोणाला ओसरीच्या बाहेर बसावें लागे, कोणाला तितकेंही जवळ येऊं देत नसत. आणि त्यांना अक्षर शिकवावें असें कोणी सुचविलें तर, शिकून ह्यांना काय करावयाचें आहे, असा सवाल केला जाई. ज्या मिशनरी बायांनीं व ज्या देशी मास्तरांनीं झाडाखालीं पाट्या मांडल्या त्यांनीं ह्या सवालाचा हिशेब आधीं मागितला नाहीं. देवाच्या प्रतिरूपाचें मनुष्य आहे, तेव्हां त्याला शिकविलें पाहिजे, इतकेंच त्यांनीं धरिलें. आपण आज हें पत्र वाचतों तें त्या धरण्यामुळें. असें असतां आपल्याच दाराशीं असलेल्या आंधळ्या किंवा मंदगति लेंकराविषयीं, हें शिकून काय कमावणार, असा सवाल आपल्या तोंडीं यावा काय? जो सवाल आपल्या पूर्वजांवर केलेला अन्याय होता, तो आपण विचारल्यानें न्याय होत नाहीं. आपण न कमावितां घेतलें आहे. म्हणून आपण ऋणी आहों, आणि तें ऋण ज्यानें दिलें त्याला नव्हे, तर ज्याला अजून मिळालें नाहीं त्याला फेडावयाचें आहे.

हें ऋण आपल्या वडिलांनीं ओळखिलें होतें. आमच्या मराठी मुलुखांतच, अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलर्ड यांनीं १९०० सालीं मुंबईंत अंधांसाठीं शाळा काढिली. केडगांव येथें पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनांत अंध मुलींना व स्त्रियांना ब्रेल लिपीनें वाचावयास शिकविण्याचें काम त्यांच्या कन्या मनोरमाबाई यांनीं हातीं घेतलें. आणि हें कार्य कांहीं ख्रिस्ती लोकांचेंच नव्हे. १९४४ सालीं मुंबईंतील वकील ह्या पारशी दांपत्यानें आपल्या जय नांवाच्या मुलीसाठीं, जिची समज इतरांहून निराळी होती, शिक्षणाची सोय करतां करतां तशाच इतर मुलांनाही जवळ केलें, व त्यांतून जय वकील शाळा उभी राहिली.

ज्या लिपीनें जगांतील अंध वाचतात तिचा कर्ता लुई ब्रेल हा फ्रान्स देशांतील कूव्रे नांवाच्या लहानशा गांवीं १८०९ सालीं जन्मला. बाप खोगीर शिवणारा. तीन वर्षांचा असतां बापाच्या अरीनें त्याच्या डोळ्यास इजा झाली, व पुढें दोन्ही डोळे गेले. त्या काळीं खेड्यांतील अंध मुलाचें भवितव्य बहुधा भिक्षापात्र हेंच असे. परंतु त्या गांवच्या धर्मगुरूनें त्याला जवळ बसवून शिकविलें, मग गांवच्या मास्तराला सांगून इतर मुलांच्या शेजारीं वर्गांत बसविलें, आणि १८१९ सालीं दहा वर्षांच्या त्या मुलाला पॅरिस येथील अंधांच्या शाळेंत जागा मिळाली. पंधराव्या वर्षीं त्यानें आपल्या सहा टिंबांच्या लिपीची मांडणी केली. त्या धर्मगुरूपाशीं किंवा मास्तरापाशीं कोणतें विशेष साधन होतें? ब्रेल लिपी तर तेव्हां नव्हतीच; ती पुढें ह्याच मुलानें निर्माण केली. साधन मागून आलें. आधीं वर्गाचें दार उघडलें गेलें. साधनें नाहींत म्हणून आम्ही अशा मुलाला घेत नाहीं असें जो म्हणतो, त्यानें हा क्रम ध्यानांत ठेवावा.

आतां कोणी म्हणेल कीं, हें देणें सरकारनें आपल्या शिरावर घेतलें आहे, मग मंडळीनें काय करावयाचें उरलें? सरकारनें तें घेतलें आहे हें खरें, आणि तें किती घेतलें आहे हें प्रत्येक आईबापास ठाऊक असलें पाहिजे. सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क दिला. सन २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २१ प्रकारचीं अपंगत्वें मान्य करतो. व ज्याचें अपंगत्व शेंकडा ४० किंवा त्याहून अधिक असल्याचा दाखला आहे, अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेंत, अथवा पसंतीप्रमाणें विशेष शाळेंत, मोफत शिकण्याचा हक्क तो देतो. शाळेनें भेदभाव न करतां प्रवेश द्यावा, इमारतींत ये-जा करतां यावी, परीक्षेंत वाढीव वेळ व लेखनिक मिळावा, हेंही त्यांत आहे. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालीं जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडींत व शाळेंत तपासणी करून, ज्यांना गरज आहे त्यांना पुढील उपचारांसाठीं पाठविण्याची योजना आहे. समग्र शिक्षा ह्या २०१८ सालच्या योजनेंत उपकरणें, प्रवासखर्च, मुलींस विद्यावेतन व फिरते विशेष शिक्षक यांची तरतूद ठेवण्यांत आली.

तथापि कायदा हा मफीबोशेथाच्या जमिनीसारखा आहे. जमीन त्याचीच होती. पण तो लो-दबारांत होता. ज्या मजुराचें एका दिवसाचें काम बुडालें तर त्या दिवशीं चूल पेटत नाहीं, त्यानें दाखल्यासाठीं जिल्ह्याच्या रुग्णालयांत दोनदां-तीनदां खेटे कसे घालावे? नांवनोंदणी संगणकावरून होते. ज्या आईला अक्षरओळख नाहीं तिनें ती कशी करावी? कागदोपत्रीं हक्क आहे आणि अंगणांत लेंकरूं बसून आहे. ह्या दोहोंच्या मधलें अंतर चालून जाण्यास एक माणूस लागतो. तो माणूस कायदा पुरवीत नाहीं. तो शेजारानें पुरवावयाचा आहे, आणि जेथें मंडळी आहे तेथें तो मंडळींतून यावा. पक्षघाती मनुष्याला छप्पर उघडून प्रभूपाशीं सोडणारे चौघे हे वैद्य नव्हते. त्यांनीं खाट उचलली, इतकेंच. परंतु ते नसते तर तो घरींच पडून राहिला असता.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. शिक्षणहक्क कायद्यांत २०१२ सालीं झालेल्या दुरुस्तीनें, ज्यांचें अपंगत्व बहुविध किंवा तीव्र आहे अशा मुलांस घरीं शिक्षण घेण्याचीही मुभा दिली आहे. ही मुभा मुलाच्या सोयीसाठीं आहे, शाळेच्या सोयीसाठीं नाहीं. घरीं शिक्षण म्हणजे घरीं बसविणें असा तिचा अर्थ होऊं लागला तर दया आणि निष्काळजीपणा यांत फारसें अंतर उरत नाहीं. तसेंच, गांवची शाळा बरी कीं दूरची निवासी विशेष शाळा बरी, ह्याचा निर्णय आईबापांनीं त्या लेंकराची प्रकृति व गरज पाहून करावा. मूक-बधिर मुलाला खुणांच्या भाषेंत बोलणारे सोबती मिळावे ही मोठीच गरज आहे. मंडळीनें सल्ला द्यावा, पण पाहुण्यांच्या नजरेआड जावें म्हणून लेंकराला दूर धाडण्याचा सल्ला कदापि देऊं नये.

मास्तरांची अडचणही खरी आहे. एका वर्गांत चाळीस मुलें. एकासाठीं थांबलें तर एकुणचाळीसांचें काय? अनुभवी शिक्षक सांगतात कीं, जो सावकाश बोलावयास, हातानें दाखवावयास व तेंच निराळ्या रीतीनें पुन्हां सांगावयास शिकतो, त्याच्या वर्गांत मागें पडलेल्या इतर मुलांनाही लाभ होतो. परंतु सारेंच लाभाचें आहे असें भासवूं नये. कांहीं दिवस त्या एकासाठीं इतरांचा वेळ खरोखरच जाईल. देणें फेडतांना पदरचें जातें. जात नसेल तर तें देणें नव्हे. नव्याण्णव मेंढरें रानांत ठेवून एकाच्या शोधार्थ जाणाऱ्या मेंढपाळाचा हिशेब व्यापाऱ्याला पटणारा नाहीं. तरी आपण त्यालाच उत्तम मेंढपाळ म्हणतों.

आणखी एक दुःखदायक विचार अजून आपल्या लोकांत आहे. हें लेंकरूं असें कां जन्मलें, कोणाचें पाप, ही कुजबुज. जन्मांध मनुष्याविषयीं शिष्यांनीं हाच प्रश्न केला होता, आणि प्रभूनें त्याचें पापही नव्हे व त्याच्या आईबापांचेंही नव्हे असें सांगून तो प्रश्न तेथेंच संपविला. जी आई ह्या कुजबुजीच्या भयानें आपल्या मुलीला पडद्याआड ठेविते, तिला कायद्याचें पुस्तक देण्यापूर्वीं हें भय दूर केलें पाहिजे. तें कार्य सरकारच्या हातचें नाहीं. तें उपासनेच्या ठिकाणीं व पाणवठ्यावर, आपल्या जिभेनें होणारें आहे.

मग मंडळीनें करावें तें काय? पंचांनीं आपल्या मंडळींतच नव्हे तर सबंध गांवांत अशीं किती लेंकरें आहेत त्यांची नांवनिशीवार यादी करावी. धर्म व जात न पाहतां. दाखल्यासाठीं जाणाऱ्या आईबरोबर शिकलेल्या तरुणांपैकीं एकानें जावें, व त्या दिवसाची बुडालेली मजुरी मंडळीच्या पेटींतून द्यावी. शब्बाथशाळेंत त्या लेंकराला जागा द्यावी, आणि मंदिराच्या पायऱ्यांलगत एक उतार बांधावा. चार पाट्या सिमेंट लागेल. आठवड्यांतून एक दुपार कोणी बहिणीनें तें लेंकरूं सांभाळावें, म्हणजे आईला पाठ टेकतां येईल.

सर्वच लेंकरें वाचावयास शिकतील असें नाहीं. कोणी आपल्या हातानें जेवावयास शिकेल, कोणी आपलें नांव सांगावयास, कोणी विहिरीपर्यंत जाऊन परत यावयास. तेंही शिक्षणच आहे, व त्याचेंही देणें आपल्यावर आहे. मफीबोशेथाची गोष्ट ज्या वाक्यानें संपते तें वाचून पाहावें. तो राजाच्या पंक्तीस नित्य जेवीत असे हें सांगून शास्त्र थांबत नाहीं. तो दोहों पायांनीं लंगडा होता हें पुन्हां एकदां नमूद करतें. त्याचे पाय बरे झाले नाहींत, आणि बरे होण्याची अट त्याला कोणी घातलीही नव्हती. पुढील मंडळीच्या सभेंत जमाखर्च वाचून झाल्यावर हें एक कलम अवश्य पुढें यावें : आपल्या गांवांत अजून लो-दबारांत कोण कोण आहे, आणि त्यांना आणावयास कोण जाणार?