बाकीचे कोणी भरले?

बार्शीकडचे एक गृहस्थ मला फोनवर म्हणाले, "मॅडम, चाळीस युरो समजले. पण बाकीचे कोणी भरले?"

त्यांची मुलगी इथे जर्मनीत, मारबुर्गला एम.एस्सी. करते. तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, चार दिवस ती हॉस्पिटलमध्ये होती. पेशंटच्या वाट्याला दिवसाचे १० युरो येतात, म्हणजे सगळे मिळून ४०, एवढं मी त्यांना सांगितलं होतं. तोवर त्यांनी गावच्या सोसायटीत कर्जाची चौकशी करून ठेवली होती. आकडा ऐकून त्यांचा जीव भांड्यात पडला, ते आवाजावरून कळलं. पण माणूस माळकरी, कोणाचं फुकट खायचं नाही या वळणाचा. पोटाचं ऑपरेशन चाळीस युरोंत होत नाही हे त्यांना कळत होतं. मग उरलेले हजारो युरो ज्याने दिले त्याचं नाव तरी आपल्याला ठाऊक असावं, असं त्यांचं म्हणणं.

मला हा प्रश्न धर्माचा वाटतो. आपलं दुखणं परक्याच्या पैशाने बरं झालं, तर आपण त्या परक्याचे काय लागतो?

मी इथल्या एका फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात काउंटरवर काम करते. लग्न होऊन मिरजेहून आले त्याला खूप वर्षं झाली. भारतातून शिकायला येणारी मुलं माझ्या डोळ्यांदेखत वाढली. २०२३-२४च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते, दुसऱ्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. त्यातली मराठी मुलं एकमेकांकडून नंबर घेऊन माझ्यापर्यंत येतात आणि काकू म्हणू लागतात. विम्याचं कार्ड बहुतेकांच्या पाकिटात असतं, कारण विम्याची नोंद दाखवल्याशिवाय विद्यापीठात नावच दाखल होत नाही. तरी मुलं दवाखान्याची पायरी चढत नाहीत. ताप आला की आईने बांधून दिलेल्या औषधांतली क्रोसिन, पोट दुखलं की ओवा, आणि नाहीच थांबलं तर घरी फोन. इकडे रात्रीचे बारा म्हणजे तिकडे पहाटेचे साडेतीन-साडेचार. आई दचकून उठते आणि हजारो मैलांवरून पोटाला हिंग लावायला सांगते.

मी त्यांना आधी साध्या गोष्टी सांगते. अंगात ताप नसतानाच घराजवळचा एक डॉक्टर ठरवून ठेव. बुधवारी दुपारी बरेच दवाखाने बंद असतात हे ध्यानात ठेव. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी दुखलं, पण जिवावरचं नाही, तर ११६११७ला फोन कर. जिवावरचं असेल तर ११२, आणि तो लावताना कोणाची परवानगी काढत बसू नकोस. डॉक्टरांनी अँटिबायोटिक न देता गरम चहा पिऊन झोपायला सांगितलं, तर त्यांनी तुला टाळलं असं समजू नकोस. आणि तू त्यांना जे सांगशील ते तुझ्या आईवडिलांपर्यंत जाणार नाही, कायद्यानेच त्यांना तशी बंदी आहे. हे शेवटचं ऐकल्यावर काही मुली खुर्ची पुढे ओढतात आणि खरं काय होतंय ते बोलायला लागतात.

एवढी माहिती कुठल्याही पत्रकात मिळते. गाडी अडते ती घेण्यापाशी. बार्शीच्या त्या मुलीने दोन दिवस कळ सोसली. का सोसलीस, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाली, "काकू, परक्या देशात येऊन कोणाला कशाला त्रास?" तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने मला रात्री बोलावून घेतलं. हॉस्पिटलातले डॉक्टर तिच्याशी इंग्रजीत बोलत होते, पण सहीचे कागद जर्मनमध्ये होते, म्हणून मी ते वाचून दाखवत होते: भूल कशी देणार, काय काय बिघडू शकतं. ती सगळ्याला मान डोलवत होती. नर्सने गळ्यातलं काढायला सांगितलं तेव्हा मात्र तिचा बांध फुटला. तुळशीची माळ, घातल्यापासून कधी उतरवलेली नव्हती. मी नर्सला सांगितलं की हा दागिना नाही. ती बाई पन्नाशीची असेल. तिने घाई केली नाही. माळ स्वतः सोडवली, पारदर्शक पिशवीत ठेवली, वर नाव लिहिलं आणि पिशवी पलंगाच्या डोक्याकडच्या दांडीला चिकटवली. म्हणाली, पलंग ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत जातो, तिथवर हीसुद्धा येईल. मी भाषांतर करायच्या आधीच मुलीला ते समजलं होतं.

तिच्या वडिलांना मी भिशीचं उदाहरण दिलं. दर महिन्याला सगळे पैसे घालतात आणि ज्याचा नंबर लागतो तो उचलतो, तसंच हे. फरक असा की इथे आपला नंबर लागू नये अशीच प्रत्येकाची इच्छा असते, आणि ज्याचा लागतो त्याला लागेल तेवढं, लागेल तितक्या वेळा उचलू देतात. भिशीत माणसं सात कोटींहून जास्त. पावाच्या दुकानातली बाई, बसचा ड्रायव्हर, त्या रात्रीची ती नर्ससुद्धा. त्यांच्या पगारातून हप्ता कापला जातो आणि तेवढाच मालक घालतो. तुमची मुलगीही महिन्याला दीडशे युरोंच्या आतबाहेर घालते. "म्हणजे नाव सांगता येणार नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, "नाही सांगता येणार."

आमच्या मारबुर्गला देण्याचं एक मोठं नाव आहे. हंगेरीच्या राजाची मुलगी एलिझाबेथ; चार वर्षांची असताना तिला थुरिंगियात आणलं, म्हणजे तीही या देशात परकीच. नवरा धर्मयुद्धाच्या वाटेवर वारला, विशीत वैधव्य आलं. १२२८ साली तिने मारबुर्गला गरिबांसाठी रुग्णालय काढलं आणि आजाऱ्यांची सेवा स्वतःच्या हातांनी केली. १२३१मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी ती गेली. तिच्या नावाचं चर्च गावात उभं आहे, आणि जर्मनीभर कितीतरी हॉस्पिटलांना तिचंच नाव आहे. त्या चर्चमध्ये गेले की मी हात जोडते.

मुलांच्या पाकिटातलं कार्ड मात्र तिच्याकडून आलेलं नाही. ते येतं बिस्मार्कच्या १८८३च्या कायद्यातून. कामगारांसाठी आजारपणाचा विमा सक्तीचा करताना समाजवाद्यांच्या शिडातलं वारं काढून घ्यायचं, हा त्याचा हेतू होता. करुणेसाठी तो प्रसिद्ध नव्हता. विद्यार्थ्यांना या विम्यात आणणारा कायदा १९७५चा. मी खूप विचार केला आणि माझं मत असं झालं, की आजारी माणसाच्या बाजूने पाहिलं तर एलिझाबेथच्या सेवेपेक्षा हा कोरडा कायदा जास्त माणुसकीचा आहे. एलिझाबेथपुढे हात पसरावा लागत होता. कार्डापुढे लागत नाही.

हे मला दोन मुलांनी शिकवलं. वसतिगृहाच्या एकाच मजल्यावर राहायचे, स्वयंपाकघर सामाईक. मी तिथे पोहे करायला शिकवत होते. एक जण सायकल चालवणारा, काटक. तो म्हणाला, "काकू, वर्षभर पैसे भरतोय, साधी शिंक आली नाही. सगळे वाया." कांदा चिरणारा दुसरा मुलगा सांगलीचा. त्याच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर होता. लहानपणापासून त्याला टाइप वन मधुमेह. तो काहीच बोलला नाही, सुरी तेवढी थांबली. त्याचा हप्ता सायकलवाल्याइतकाच आहे, कारण विद्यार्थ्याचा हप्ता ठरवताना आधीचं दुखणं कोणी विचारत नाही. इन्सुलिन घेताना त्याला चिठ्ठीवरच्या औषधामागे पाच ते दहा युरो पडतात. मला बसस्टॉपवर सोडायला आला तेव्हा खाली बघून म्हणाला, "मी भरतो त्याच्यापेक्षा खूप जास्त घेतो, काकू. मला ते बरं वाटत नाही."

मी त्याला तिथेच सांगितलं की तुझ्यामुळे त्याचे पैसे सार्थकी लागले. तो वर्षभर ठणठणीत राहिला आणि त्याच्या हप्त्यातून तुझं इन्सुलिन आलं. त्याने नकळत एक चांगलं काम केलं, आणि तू घेतलंस म्हणूनच ते त्याच्या हातून घडलं. पुढच्या वेळी हेच मी सायकलवाल्याला सांगितलं, मधुमेहाच्या मुलाचं नाव न घेता. तो गप्प झाला. त्याला समजलं असावं.

घेण्याची ही लाज आपल्याकडे फार जुनी आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ब्राह्मणाला बजावलं आहे की घेण्याचा अधिकार असला तरी घेण्याची चटक लावून घेऊ नये, त्याने तेज मावळतं. त्या भीतीत शहाणपण आहे. देणारा समोर उभा असला की घेणाऱ्याची मान वाकते, आणि वाकलेली मान उद्या कशालाही हो म्हणते. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची खूण सांगितली आहे, परतफेड करू न शकणाऱ्याला दिलेलं ते सात्त्विक. ही कसोटी देणाऱ्याची झाली. घेणाऱ्याने ताठ मानेने कसं घ्यावं, यावर त्या श्लोकात शब्द नाही. तो मार्ग मला विम्याच्या सामाईक पेटीत दिसतो. देणाऱ्याला घेणारा माहीत नाही, घेणाऱ्याला देणारा माहीत नाही, आणि घेणारा स्वतःही देणारा आहे.

पण मग कृतज्ञतेचं काय करायचं? बार्शीच्या गृहस्थांना जे खुपत होतं ते हेच होतं, आणि त्यांचं खुपणं मला खरं वाटतं. आभार मानायला समोर माणूस हवा असतो. इथे मला शतपथ ब्राह्मणाचा आधार वाटतो. देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांच्या जोडीला त्यात चौथं ऋण सांगितलं आहे, माणसांचं. ते फिटतं माणसांना आसरा देऊन, जेवू घालून. ज्याने आपल्याला दिलं त्यालाच शोधून परत करा, अशी अट त्यात नाही. दाराशी जो येईल तो.

मी मिरजेची असल्यामुळे मला हे पटायला जड गेलं नाही. कॅनडात जन्मलेले डॉक्टर विल्यम वानलेस १८८९मध्ये भारतात आले आणि त्यांनी आमच्या गावात मिशनचं हॉस्पिटल उभं केलं. कोकणातून, कर्नाटकातून पेशंट येत. बरोबरचे नातेवाईक भाषा न कळता व्हरांड्यात बसून राहत. माझ्या आजीचा मोतीबिंदू तिथेच काढला. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या लोकांनी त्या हॉस्पिटलाला पैसे पाठवले होते, आणि मिशनला धर्मप्रसारही हवा होता. आजी डोळ्यांनी दिसू लागल्यावर घरी आली आणि पूर्वीसारखाच विठोबापुढे दिवा लावू लागली. मिशनच्या हेतूचा किंवा बिस्मार्कच्या हेतूचा हिशेब त्यांच्या खात्यावर. आजीचे डोळे आजीच्या खात्यावर. हे दोन हिशेब एकत्र करू नयेत, असं मी मुलांना सांगते, कारण काही जण 'यांना आपली फी हवी, म्हणून करतात' असंही म्हणतात. करत असतील. तुझा ताप उतरला ना?

एक गोष्ट मात्र अजून सुटत नाही. पेटीला कुंपण आहे. विद्यार्थ्याच्या हप्त्याने आत यायचं तर तिशीच्या आत असावं लागतं. भाषेच्या कोर्सला आलेले, उशिरा शिकायला निघालेले बाहेर राहतात. त्यांच्या हाती खासगी कंपनीची स्वस्त पॉलिसी येते, आणि त्यात आधीचं दुखणं बहुधा वगळलेलं असतं. जालन्याचा एक मुलगा तेहतिसाव्या वर्षी आला आहे. त्याला पूर्वी मुतखडा झाला होता, आता पुन्हा पाठीत कळ येते. तो म्हणाला, "काकू, मी तुमच्या भिशीत का नाही?" कायदा कुठेतरी रेघ ओढणारच, हे मला समजतं. पण आजारी माणसाला रेघेपलीकडे ठेवणं मला अन्याय्य वाटतं, आणि ते मी त्याला तसंच सांगितलं. मग आम्ही दोघांनी त्याची पॉलिसी पहिल्या पानापासून वाचायला घेतली. वगळलेल्या गोष्टींखाली पेन्सिलने रेघा मारल्या. तपासणीला स्वतः किती भरावे लागतील, ते मी डॉक्टरांना आधीच विचारून घेतलं. गुरुवारी सव्वानऊची वेळ दिली आहे. जालन्याचा सोनोग्राफीचा जुना रिपोर्ट मागवून घे म्हटलंय, आणि तोवर पाणी भरपूर पी.