उबेचे ऋण

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याचे उत्तर टोक कॅनडाला भिडते. तिथल्या सेंट लॉरेन्स काउंटीत आमिश या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांची वस्ती आहे. जानेवारीत पारा कधी कधी शून्याखाली 20 अंश सेल्सियसच्याही पलीकडे उतरतो, जमीन दगडासारखी गोठते आणि नांगर पडवीत विसावतो. या घरांत विजेची तार आलेली नाही. घर उबदार राहते ते लोखंडी शेगडीवर. शेगडी पेटते ती लाकडावर, आणि लाकडाचे तुकडे पाडणारी गोल करवत फिरते ती पट्ट्याने जोडलेल्या इंजिनावर. हे चित्र पाहून कुणाला मागासलेपणाची कीव येते, तर कुणाला हरवलेल्या सुखाची हुरहुर लागते. दोघांचेही लक्ष वस्तूंच्या जुनेपणावर अडकून राहते. या जगण्यात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो धर्माचा आहे: थंडीत अंगाला मिळणारी ऊब ही आपण विकत घेतलेली वस्तू, की आपल्या माथ्यावर चढलेले ऋण? मला ती ऋण वाटते. हे ऋण नजरेआड होऊ न देणे ही धार्मिक जगण्याची पहिली अट आहे, आणि सरपणावरचा हिवाळा ही अट कशी पाळली जाते ते दाखवतो, असे मला मांडायचे आहे.

माणूस ऋण घेऊनच जन्मतो हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. तैत्तिरीय संहितेत ऋषी, देव आणि पितर यांची तीन ऋणे सांगितली आहेत. अध्ययनाने, यज्ञाने आणि संततीने ती फेडायची. तिथे हे विधान ब्राह्मणापुरते आहे. शतपथ ब्राह्मणाने ते अस्तित्वात असलेल्या प्रत्येकाला लागू केले आणि चौथे ऋण जोडले, माणसांचे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला यज्ञ याच जाणिवेतून येतो: अन्न, पाऊस आणि कर्म यांचे एक चक्र फिरते आहे, आणि त्यातून घेऊन परत काही न देणारा चोर ठरतो. या मांडणीत एक गोष्ट महत्त्वाची आहे. ऋण म्हणजे अपराध नव्हे. घेतल्यावाचून कुणालाच जगता येत नाही, म्हणून घेण्याची लाज बाळगायची नाही. फक्त घेतल्याचे भान सोडायचे नाही. हे भान उपदेशाने टिकत नाही. ते टिकण्यासाठी रोजच्या जगण्याची घडणच तशी असावी लागते.

सरपणाच्या घरात ती घडण कशी असते ते पाहावे. उत्तर अमेरिकेत जळाऊ लाकूड ‘कॉर्ड’ या मापाने मोजतात: 4 फूट रुंद, 4 फूट उंच आणि 8 फूट लांब रचलेली रास, म्हणजे 128 घनफूट. कडक थंडीच्या प्रदेशात एका घराला हिवाळाभर अशा कित्येक राशी लागतात. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. तसेच ओले लाकूड जाळले तर आगीची बरीच उष्णता ते पाणी उकळण्यातच खर्ची पडते, धूर वाढतो आणि धुरांड्याच्या आत डांबरासारखा थर साचून त्याला आग लागण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून ओलावा 20 टक्क्यांच्या खाली येईपर्यंत फोडलेले लाकूड वाऱ्यावर वाळवावे लागते, आणि ओकच्या लाकडाला त्यासाठी दोन वर्षेसुद्धा लागतात. याचा अर्थ असा की आजची ऊब दोन वर्षांपूर्वीच्या श्रमातून येते, आणि आज जो ओंडका फुटतो तो परवाच्या हिवाळ्यासाठी. झाड तर त्याआधी कित्येक दशके उन्हात उभे होते. ते ऊन देवाचे देणे. झाड राखून ठेवणारा बहुधा आज हयात नाही. ते पितरांचे देणे. आणि रानातून दर वर्षी वाढीपेक्षा जास्त तोड झाली तर नातवंडांच्या शेगडीत काही उरणार नाही. ही रास दाराशीच उभी असते आणि दिवसागणिक खाली उतरते. फेब्रुवारीत किती उरले आहे हे मुलालाही नुसत्या नजरेने कळते. ऋणाचा असा खुला हिशेब कुठल्याच वहीत मांडता येणार नाही.

यंत्राचीही हीच गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत उत्तर अमेरिकेच्या शेतांवर ‘हिट अँड मिस’ नावाची स्थिर इंजिने घरोघर होती. जॉन डिअर कंपनीचे ‘मॉडेल ई’ हे त्यातलेच. ते 1923 ते 1946 या काळात बनत होते. काही शेतघरांत अशी इंजिने आजही निगुतीने चालती ठेवली आहेत. त्यांची रचना विचार करण्यासारखी आहे. जड चाकाने ठरलेला वेग गाठला की नियामक एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडाच धरून ठेवतो. मग नवे इंधन आत येत नाही, स्फोट होत नाही, आणि चाक आपल्याच वेगाने फिरत राहते. करवतीत ओंडका शिरून वेग घटला की व्हॉल्व्ह सुटतो आणि पुन्हा ठोका पडतो. काम असेल तेवढेच इंधन हे यंत्र घेते, आणि घेतलेला प्रत्येक घास कानांना ऐकू येतो. ते थंड राखायला वर उघड्या हौदात पाणी असते. गोठवणाऱ्या रात्री ते पाणी आठवणीने काढून टाकावे लागते; विसरले तर बर्फ फुगून ओतीव लोखंडाला तडा जातो. म्हणजे या यंत्राला नुसता मालक पुरत नाही, त्याची काळजी वाहणारा जाणकार लागतो. ही जाण आधीच्या कुणीतरी शिकवलेली असते आणि पुढच्या कुणाला तरी शिकवावी लागते. ऋषिऋण हा शब्द इथे मोठा वाटेल, पण शिकलेले ज्ञान पुढे चालू ठेवूनच फेडायचे ऋण हाच तर त्याचा अर्थ आहे. किर्लोस्करांच्या कडबा कापण्याच्या यंत्राने आणि विहिरीवरच्या डिझेल इंजिनाने महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचे असेच नाते जुळले होते. गावात ते इंजिन उघडून पुन्हा जोडणारा कुणीतरी असे, आणि त्याच्या हाताखाली एखादा पोरगाही.

चौथे ऋण माणसांचे, आणि इथे आमिशांचे उदाहरण सर्वात बोलके आहे. 1693 साली याकोब आमान याच्या अनुयायांनी स्वित्झर्लंड आणि आल्सास भागातल्या ॲनाबॅप्टिस्टांपासून वेगळी वाट धरली. आज उत्तर अमेरिकेत त्यांची संख्या सुमारे 4 लाख आहे. यंत्र म्हणजे पाप असे ते मानत नाहीत. अनेक वस्त्यांत ट्रॅक्टर गोठ्याजवळ उभा करून त्याच्या पट्ट्यावर यंत्रे चालवतात, पण शेतात घोडेच जुंपतात; टेलिफोन घरात न ठेवता बाहेरच्या खोपटात ठेवतात. वरवर हे विसंगत दिसते, पण त्यामागचा प्रश्न एकच आहे: ही वस्तू आल्यावर शेजाऱ्याची गरज उरेल का? ट्रॅक्टर शेतात आला की एकच घर शंभर एकर कसू शकते आणि शेजारचे कुटुंब उठून जाते. फोन घरात आला की माणूस उंबरठा ओलांडत नाही. वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या विधीआधी, प्रत्येक मंडळी एकत्र बसून आपल्या नियमांना संमती देते. त्या संमतीशिवाय विधी होत नाही. यंत्राची निवड इथे उपासनेचाच भाग झाली आहे. जी गोष्ट आपण दुकानात एकट्याने ठरवतो, ती ते देवासमोर, शेजाऱ्याच्या साक्षीने ठरवतात.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. विजेचे बिल हासुद्धा हिशेबच नाही का? वापरले तेवढे पैसे भरले, देणे मिटले. पण मुद्दा नेमका या मिटण्याचाच आहे. पैसे दिल्यावर आपण मोकळे होतो, आणि ज्याच्यामुळे ऊब मिळाली त्याचा चेहरा पाहण्याची गरज उरत नाही. मुंबई-पुण्यात डिसेंबरच्या पहाटे गिझरचे बटण दाबले की पाणी तापते. त्या विजेत 2,920 मेगावॅटच्या चंद्रपूर औष्णिक केंद्राचा कोळसा आहे आणि त्या परिसरावर उतरणारी राखही आहे. त्यात कोयनेचे पाणी आहे, आणि त्या पाण्याखाली गेलेली गावेही आहेत. तिथून उठलेल्या कुटुंबांच्या पुढच्या पिढ्यांनाही पुनर्वसनासाठी झगडावे लागले. बिलावर युनिट लिहिलेले असतात, ही गावे नसतात. बिल फेडले म्हणून माणसांचे ऋण फिटत नाही. ते फक्त दिसेनासे होते, आणि दिसेनासे झालेले ऋण ज्याचा आवाज सर्वात क्षीण त्याच्या खांद्यावर जाऊन बसते.

दुसरा आक्षेप सर्वात वजनदार आहे, आणि तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. 1945 साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस आणि गांधी यांच्यावरील आपल्या ग्रंथात त्यांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधाची कठोर चिकित्सा केली. माणसाला पशूच्या पातळीवरून वर उठायचे तर फुरसत हवी, फुरसत यंत्राशिवाय मिळत नाही, आणि यंत्राचे दोष हे ज्या समाजव्यवस्थेने त्याचा लाभ मूठभरांकडे वळवला तिचे दोष आहेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याला जोडूनच धुराचा प्रश्न येतो. चुलीसमोर आयुष्य काढणाऱ्या बाईच्या फुफ्फुसांना सरपणाचे अध्यात्म ऐकवणे हा क्रूरपणा आहे. घरातल्या इंधनाच्या धुरामुळे 2020 साली जगात सुमारे 32 लाख मृत्यू झाले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. या आक्षेपाला बगल देता येत नाही आणि देऊही नये. डोक्यावर मोळी वाहणारी बाई आणि दुसऱ्याच्या दारात लाकूड फोडणारा दलित मजूर यांनी तो हिवाळा निवडलेला नव्हता. त्यांच्या श्रमावर शेकणाऱ्याला मात्र आपले ऋण दिसत नव्हते, कारण जातीने आणि चालीरीतीने ते झाकून टाकले होते. म्हणजे जुने जगणे ऋण आपोआप दाखवते, हे खरे नाही. वाड्यातला बंब कुणी पेटवला हे न विचारणारा मालक आणि गिझर कशावर चालतो हे न विचारणारे आपण एकाच रांगेत उभे आहोत. आंबेडकरांचा आक्षेप माझा मुद्दा खोडत नाही, तो दुरुस्त करतो: हिशेब दिसायला हवा तो घेणाऱ्याला, आणि ओझे उचलायला हवे तेही त्यानेच. गॅसची शेगडी जिच्या घरी आली तिला श्वास मिळाला. त्यावर पश्चात्ताप करण्याचे काहीच कारण नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. सगळ्या जगाने लाकूड जाळायचे ठरवले तर जंगले उरणार नाहीत, आणि जुने इंजिन नव्यापेक्षा अधिक धूर ओकते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणूनच लाकडाचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. छतावरच्या सौर तापकाचे पाणी ढगाळ दिवशी कोमट राहते, तेव्हा तोही दाराशी रचलेल्या राशीइतकाच खरा हिशेब देतो. त्याचबरोबर आमिशांची किंमतही सांगायला हवी. बाप्तिस्मा घेतल्यावर नियम मोडणाऱ्याशी तिथे संबंध तोडले जातात आणि त्यात घरे दुभंगतात. प्रौढपणी, स्वतःच्या संमतीने बाप्तिस्मा घेण्याची त्यांची प्रथा मला त्यांच्या धर्मातली सर्वात मोलाची गोष्ट वाटते, आणि बहिष्काराची प्रथा त्या मोलाला उणेपणा आणते. मर्यादेला धार्मिक अर्थ येतो तो माणूस ती आपणहून उचलतो म्हणून. भीतीने पाळलेली मर्यादा नुसती टंचाई असते.

मग या हिवाळ्याकडून घ्यायचे काय? यंत्र घेण्याआधी विचारायचा प्रश्न, आणि तो एकट्याने न विचारण्याची रीत. 1904 साली दक्षिण आफ्रिकेतल्या फिनिक्स आश्रमात गांधीजींच्या ‘इंडियन ओपिनियन’ साप्ताहिकाचा तिथला पहिला अंक छापताना तेलावरचे इंजिन ऐनवेळी अडून बसले. हाताने फिरवायचे चाक त्यांनी आधीच तयार ठेवले होते. थकून झोपलेल्या सुतारांना विनंती करून उठवले, सगळ्यांनी पाळ्या लावून ते फिरवले आणि अंक वेळेवर निघाला. इंजिन टाकून दिले नव्हते; सकाळी ते पुन्हा चालूही झाले. पण मधल्या रात्री प्रत्येकाच्या हातांना कळले की एक अंक छापायला किती बळ लागते, आणि एरवी ते बळ कोण पुरवते. असे कळणे हीच मला प्रार्थनेची सुरुवात वाटते. गिझरचे बटण आपण दाबणारच आहोत. पण बादली भरताना ते पाणी कुठून तापून आले याची चौकशी करणे, पुरेसे झाल्यावर थांबणे, आणि कोयनेच्या माणसांचा प्रश्न निघाला की तो आपल्याच घरातला म्हणून ऐकणे, एवढी फेड कुणालाही करता येते. उत्तरेच्या त्या वस्तीत शेतकरी थंडीत कुडकुडत आज ओकचे ओंडके फोडून रचतो. ते पेटतील दोन हिवाळ्यांनंतर. तेव्हा शेकायला आपण असूच याची त्याला खात्री नाही, तरी रास तो सरळ आणि नीट रचतो, कारण आजची त्याची शेगडीही कुणीतरी आधी रचून ठेवलेल्या राशीवरच जळते आहे.